कुशीवर

वर्षातून एकदा प्राचार्यांची चिठ्ठी येते:
‘बिर्जे सर, पीयू सेकंडला दारूबद्दल दहा मिनिटं.’
सोबत पोस्टर. काळी बाटली, लाल फुली.
मुलं त्या फुलीकडं बघून हसतात.
आम्हीही हसायचो.

पूर्वी मी अंडं आणायचो.
स्पिरिटात पांढरं सोडलं की ते आळून येई,
दुधाळ, मेलेलं.
मी म्हणायचो, बघा, पोटात असं होतं.
मागच्या बाकावरून आवाज: ‘सर, ऑम्लेट!’
अंडं बंद केलं.

आता टेबल मोकळं करतो,
ब्युरेट, स्टँड, हजेरीवही बाजूला,
आणि म्हणतो, कुणीतरी इथं झोपा. उताणं.
एक जण लाजत चढतो.
हं. असाच झोपवला होता आम्ही इराण्णाला.

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळची खोली.
शेवटचा पेपर झालेला.
भरमू चोर्ला घाट उतरून
स्वेटरात गुंडाळलेल्या दोन बाटल्या घेऊन आला:
‘गोव्यात निम्म्यात हाय की रे.’
इराण्णा पीत नव्हता.
हुक्केरीकडचा, मराठीत अडखळणारा,
आमच्यातला व्हायचं होतं त्याला, एवढंच.
म्हणून पैज अशी लावली
की एका दमात एक ग्लास
आणि प्रत्येक ग्लासाला आकडा म्हणायचा, मराठीत.
आम्ही टाळ्या धरल्या.
सातापर्यंत त्यानं नीट मोजलं.
आठव्याला तोंडातून निसटलं, ‘एंटु’.
त्या रात्री सगळ्यांत मोठ्यानं
आम्ही तेव्हा हसलो.

मग तो आडवा झाला.
‘झोपू दे की, सकाळी उतरंल,’ भरमू म्हणाला.
चादर मी घातली.
पंखा एकवर केला, थंडी वाजू नये म्हणून.
त्याचं घोरणं ओलं होतं,
नळात हवा अडकावी तसं.
पाचच्या सुमारास ते थांबलं
आणि मला बरं वाटलं.
हे वाक्य मी दर वर्षी
फळ्याकडं तोंड करून सांगतो.

दुपारी त्याचे वडील आले.
चपला दवाखान्याच्या दाराबाहेर काढून
अनवाणी उभे. एवढंच विचारलं,
‘ऊटा माडिद्नेनु?’
जेवला होता का.
कन्नड मला कळायचं, पण बोलायचं नाही
हा आमच्या घरचा हट्ट.
त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.
‘हौद्री.’
होय म्हणालो. तेही खोटं.
सकाळच्या दोन इडल्यांवर होता तो.

चला, आता याला वळवा.
वरचा गुडघा पुढं, हात गालाखाली, तोंड किंचित खाली,
ओकारी आली तर बाहेर पडेल, श्वासात जाणार नाही.
हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल,
अंग गार असेल, ओठ निळसर,
एका श्वासानंतर दुसऱ्याची वाट बघावी लागत असेल,
तर १०८. तेव्हाच. सकाळी नाही.
कॉफी नको, डोक्यावर बादली नको,
आणि एकट्याला ठेवून दार लोटायचं नाही.
वॉर्डन रागावतील, बाप मारेल.
मारू दे.
मारायला पोरगं तरी हवं.

आणि तुमच्या टाळ्या.
पिणाऱ्याला मी काय सांगू, तो ऐकण्याच्या पलीकडं गेलेला असतो.
मी टाळ्या वाजवणाऱ्यांशी बोलतोय.

मुलं जोड्या करून एकमेकांना वळवतात,
गुदगुल्या होतात, कुणी खोटं घोरतो.
मी रागावत नाही. हातांना सवय होऊ दे.
घंटा होते. टेबलावरचा अजून कुशीवरच,
डोळे मिटून, काम चोख करतोय.
मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवून श्वास मोजतो,
एक, दोन,
पाच, सहा, सात,
एंटु,
ओंबत्तु,
हत्तु.
तो एक डोळा उघडून बघतो,
सर कन्नडमध्ये का गेले.